मागून धडक, मानेची दुखापत: भरपाईचा दावा कुठे टिकतो, कुठे पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या कारला मागून दुसरी कार धडकली. त्या क्षणी फारसं काही जाणवलं नाही. मागच्या चालकाने बंपरचे पंधरा हजार दिले आणि 'आमचं आपसांत मिटलं आहे, माझी काही तक्रार नाही' असं कागदावर लिहून सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना, दोन दिवसांनी डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. एक्स-रे नॉर्मल आला. आज पाच आठवडे झाले, काम बंद आहे. वय ३८, स्वतःचा छोटा व्यवसाय. पोलिसांत नोंद नाही. भरपाई मिळेल का, आणि किती?

मिळू शकते. चूक कोणाची, हा तुमच्या प्रकरणातला सोपा भाग आहे. अवघड भाग पुढचा: मान त्या धडकेनेच दुखावली आणि त्यामुळे कमाई बुडाली, हे कागदावर दाखवायचं. मी सुरुवातीची वर्षं विमा कंपन्यांच्या बाजूने उभा राहिलो, आता जखमींच्या बाजूने राहतो. मागून धडकेचे दावे निष्काळजीपणाच्या मुद्द्यावर हरलेले मी क्वचितच पाहिले. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर हरलेले मात्र बरेच पाहिले.

तरी चुकीचा मुद्दा आधी उरकून घेऊ. पुढच्या वाहनाने अचानक वेग कमी केला किंवा ते थांबलं, तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्याने ठेवायचं, हे कर्तव्य १९८९ च्या रस्ता नियमावलीतल्या २३व्या नियमात लिहिलेलं होतं. २०१७ च्या नव्या वाहनचालन नियमावलीतही ते कायम आहे. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवरून चाललेली कार ट्रकवर आदळली होती. ट्रकने अचानक ब्रेक मारला, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. पुरेसं अंतर न ठेवणारा कारचालकच निष्काळजी, असा निष्कर्ष निघाला.

म्हणून मागचा नेहमीच दोषी, असं मात्र समजू नका. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच न्यायालयाने उलट बाजूचा निकाल दिला. रात्री रस्त्यावर दिवे न लावता टँकर उभा होता, समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपले आणि कार टँकरवर मागून आदळली. उच्च न्यायालयाने कारचालकाच्या माथी निम्मी चूक मारली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. जुलै २०२५ चा निकाल या दोन्हींच्या मधला आहे. कोइम्बतूरजवळ महामार्गावर पुढच्या कारने कसलाही इशारा न देता एकदम ब्रेक मारला, मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली. पाय गमवावा लागला. गर्भवती पत्नीला मळमळू लागलं म्हणून थांबलो, हे कारचालकाचं स्पष्टीकरण न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. वाटणी अशी झाली: कार ५० टक्के, बस ३० टक्के, आणि अंतर न ठेवल्याबद्दल स्वतः विद्यार्थी २० टक्के. जखमीच्या वाट्याला जेवढे टक्के येतात, तेवढे त्याच्या भरपाईतून वजा होतात.

तुमची गाडी सिग्नलला उभी होती. अचानक ब्रेक, न पेटणारा ब्रेक लाइट, चुकीच्या जागी थांबणं, यातलं काहीच लागू होत नाही. एकच प्रश्न मी तुम्हाला विचारेन: धक्क्याने तुमची गाडी पुढच्या गाडीवर गेली का? गेली असेल तर तुमच्या पुढच्या बंपरचे फोटो जपून ठेवा. साखळी अपघातात प्रत्येक विमा कंपनी मधल्या गाडीकडे बोट दाखवते. 'हा आधीच पुढच्याला धडकला होता, आमची गाडी नंतर आली', हे वाक्य ठरलेलं असतं. तुमच्यासोबत कोणी बसलेलं असेल आणि त्यालाही लागलं असेल, तर त्याची बाजू तुमच्याहून भक्कम आहे. प्रवाशाच्या माथी चालवण्याची चूक येत नाही, आणि दोन वाहनांच्या चुकीने अपघात झाला तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो.

आता मुदत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्याआधी जवळजवळ तीन दशकं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे 'कधीही टाकता येतो क्लेम' असं सांगणारे अजून भेटतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर तुम्ही बसू नये. अर्ज अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे, यापैकी कुठल्याही ठिकाणी करता येतो. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून खेटे घालायची गरज नाही. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते: अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत अर्ज थांबवू नये. मानेच्या दुखापतीत कायमस्वरूपी काय उरलं हे उपचार संपल्यावरच ठरतं, आणि तोवर सहा महिने निघून गेलेले असतात. अर्ज आधी, प्रमाणपत्र मागाहून.

पोलीस नोंद नाही, ही तुमच्या प्रकरणातली खरी अडचण. एफआयआर नसला म्हणजे दावा चालतच नाही असं नाही. न्यायाधिकरणासमोर फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचा तोल तुमच्याकडे झुकला की पुरे. उशिरा दिलेली फिर्याद हेही एकट्याने दावा फेटाळण्याचं कारण नाही, उशीर का झाला हे पटलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. पण नोंद नसली की विमा कंपनीला पहिलं वाक्य आयतं मिळतं: 'आमचं वाहन या अपघातात नव्हतंच.' खोटे दावे होतात, विमा असलेलं भलतंच वाहन मागाहून अपघातात 'बसवण्याचे' प्रकारही होतात, त्यामुळे न्यायाधीश हे वाक्य हसण्यावारी नेत नाहीत.

म्हणून या आठवड्यातच त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्यात सरळ लिहा: त्या वेळी दुखापत जाणवली नाही, दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला, अमुक तारखेला डॉक्टरांना दाखवलं, आधी वाटलं आराम पडेल. सजवून लिहू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५ (निष्काळजी कृतीने दुसऱ्याला इजा) अशा प्रकारात लागतं. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना पाठवा, आणि तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एकदा गुन्हा नोंदला की पोलिसांवरही वेळापत्रक येतं. २०२२ च्या नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. प्रत्यक्षात तो वेळेवर जातो की नाही, यावर माझ्यासारख्या वकिलांचं मत विचारू नका. अहवाल गेला असं गृहीत धरून स्वतःचा अर्ज मात्र अडवू नका.

बंपरचे पैसे यूपीआयने आले असतील तर तो व्यवहार सोन्यासारखा जपा. कोणी, कोणत्या तारखेला, किती दिले हे त्यात आहे. धडक त्याच गाडीने दिली हे सांगणारा एवढा स्वच्छ पुरावा एफआयआरमध्येही नसतो. गॅरेजचं बिल, गाडीचे फोटो, त्या रात्री घरी केलेला 'गाडीला मागून ठोकलं' हा व्हॉट्सॲप मेसेज, चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं तर तेही. चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते गेलंच असेल, पण आसपासच्या दुकानांत विचारून बघा.

आणि ती सही? रस्त्यावर उभं राहून, दुखापत झाली आहे हेच माहीत नसताना, बंपरच्या पैशांसाठी केलेली सही मानेच्या दुखापतीचा हक्क संपवत नाही. कागद गाडीच्या नुकसानीचा आहे. पण साक्षीच्या वेळी तो तुमच्यासमोर धरला जाणारच. तेव्हा 'सही माझी नाही' म्हणणारे लोक पाहिले आहेत, आणि त्यानंतर त्यांचं बाकीचं खरंही कोणी ऐकलं नाही. सही कबूल करायची आणि तेव्हा काय माहीत होतं ते सांगायचं.

आता ज्यावर सगळा दावा उभा आहे ती गोष्ट, मान. मागून धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर जागच्या जागी राहतं. मान आधी मागे ताणली जाते, मग पुढे झटकली जाते. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होणं हे त्याचं नेहमीचं वागणं आहे, त्यामुळे तुम्ही त्या रात्री 'ठीक आहे' म्हणालात यात वावगं काही नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमधली चकती, दबलेली नस दिसत नाही. नॉर्मल एक्स-रे म्हणजे दुखापत नाही, असा अर्थ फक्त विमा कंपनीचा वकील काढतो.

हाताला मुंग्या येतात हे मात्र वेगळं घ्या. १९९५ मध्ये क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने या दुखापतींची जी प्रतवारी केली, त्यात नुसतं दुखणं पहिल्या पायरीवर आहे, मान वळवण्यात अडथळा दुसऱ्या, आणि नसेची लक्षणं तिसऱ्या. मुंग्या असतील, पकड कमी झाली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. ते सांगतील तर एमआरआय आणि नसांची चाचणी करा. हे आधी तुमच्या हातासाठी, दाव्यासाठी नंतर.

दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर 'हिस्टरी' नावाची एक ओळ असते. तिथे काय लिहिलं आहे ते आज काढून वाचा. 'कारला मागून धडक, अमुक तारीख, त्यानंतर मानदुखी' असं असेल तर अर्धं काम झालं. 'दोन दिवसांपासून मानदुखी' एवढंच असेल, तर उलटतपासणी तिथूनच सुरू होते: 'डॉक्टर, रुग्णाने अपघाताचा उल्लेख केला होता का? केला असता तर तुम्ही लिहिला असता ना?' डॉक्टर खरं बोलणार, 'हो, लिहिला असता', आणि तुमच्या दाव्याला भगदाड पडणार. जुना कागद बदलून घ्यायचा विचारही करू नका. तारखा खोडलेला केसपेपर न्यायालयात पाहण्यासारखं दुसरं लाजिरवाणं दृश्य नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना अपघात सांगा आणि त्या तारखेच्या नोंदीत तो येऊ द्या. फिजिओथेरपीची हजेरी, प्रत्येक भेटीचा कागद, औषधांची नाव-तारखेची बिलं ठेवा. चार आठवड्यांची खाडाखोड नसलेली सलग नोंद एका जाडजूड प्रमाणपत्राहून जास्त बोलते.

दुसरा ठरलेला हल्ला एमआरआय अहवालातल्या शब्दांवर होतो. चाळिशीच्या आसपासच्या बहुतेक मानांमध्ये चकतीची थोडी झीज दिसतेच. अहवालात 'डीजनरेटिव्ह बदल' आलं की कंपनी म्हणणार, हे वयाचं आहे, अपघाताचं नाही. याला उत्तर आहे. कायदा जखमीला तो जसा होता तसा धरतो. झीज असून न दुखणारी मान धडकेनंतर दुखू लागली, तर त्या फरकाची जबाबदारी धडक देणाऱ्याची. पण हे डॉक्टरांनी साक्षीत सांगावं लागतं. 'अपघातापूर्वी यांची अशी तक्रार नव्हती, लक्षणं अपघाताशी सुसंगत आहेत', एवढी दोन वाक्यं. मागच्या वर्षी मानदुखीसाठी कुठे दाखवलं असेल तर ते तुमच्या वकिलाला आज सांगा, कंपनीने शोधून काढण्याआधी.

तिसरा युक्तिवाद, 'पंधरा हजारांचा बंपर, त्यात कसली दुखापत', हा ऐकायला जोरदार आणि वजनाला हलका आहे. पत्रा किती चेपला यावरून मान किती झटकली ते ठरत नाही. डोक्यामागची उशी कुठे होती, मान त्या क्षणी वळलेली होती का, धक्का येतोय हे कळलं होतं का, यावरही बरंच अवलंबून असतं.

रकमेकडे येतो. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमींच्या भरपाईची शीर्षकं मांडून दिली, ती आजही तशीच चालतात: उपचारखर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमस्वरूपी अपंगत्वामुळे पुढची बुडणारी कमाई, पुढचा उपचारखर्च, वेदना, जगण्यातल्या सुखसोयींचं नुकसान. साध्या दुखापतीत उपचार, बुडालेली कमाई आणि वेदना यांवरच काम भागतं. मोठा आकडा तेव्हाच येतो, जेव्हा कायमचं अपंगत्व सिद्ध होतं.

इथे लोकांची गल्लत होते. प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईतल्या तुटीचा टक्का एक नव्हे. डावा हात गेलेल्या वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, असं त्याच निकालात उदाहरणासह सांगितलं आहे. तेव्हा न्यायाधिकरणाला टक्का सांगून थांबू नका, तुमच्या धंद्यात मान आणि हात काय काम करतात ते सांगा. दिवसभर संगणकावर वाकून बसायचं, की माल उचलायचा, की स्वतः गाडी चालवून फिरायचं?

तुमचं उदाहरण आकड्यांत बघू. उत्पन्न महिना ३०,००० धरलं. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी व्यक्तीला भविष्यातल्या उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के जास्त धरून मिळतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये ठरवलं. म्हणजे ४२,००० महिना, ५,०४,००० वर्षाला. वार्षिक कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; ३६ ते ४० वयोगटाचा गुणक १५. कमाईतली तूट १० टक्के मानली गेली, तर ७,५६,००० झाले. त्यात उपचारखर्च, बुडालेले महिने, वेदना वेगळ्या. हीच तूट सिद्ध झाली नाही, तर तो सात लाखांचा भाग पूर्ण गळतो आणि हातात बिलं, दोन-तीन महिन्यांची कमाई आणि वेदनांची माफक रक्कम उरते. सगळं भांडण या १० टक्क्यांवर असतं.

आणि महिना ३०,००० हे कशावरून? आयकर विवरणपत्र असेल तर त्यावरून. धंदा रोखीत आणि विवरणपत्र नाही, तर न्यायाधीश किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधतात. अपघातानंतर घाईने भरलेली मागच्या वर्षांची विवरणपत्रं कंपनी ओळखते. बँकेतली उलाढाल, जीएसटी, ग्राहकांची बिलं यांचा उपयोग जास्त होतो. रकमेवर व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळतं. मेडिक्लेमने बिलं भरली असतील तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे ती बिलंही लावा.

न्यायालयीन वाट नको असेल तर दोन पर्याय पुढे येतील. मोटार वाहन कायद्याच्याच कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. 'गंभीर' ची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेतून येत होती आणि तिथे तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम न करता येणं २० दिवस लागायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते १५ दिवस झालं. तुम्ही पाच आठवडे घरी आहात, पण डॉक्टरांनी विश्रांती लेखी दिली आहे का, हे बघा. ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो, हे लक्षात ठेवून निवड करा. हाताची लक्षणं जात नसतील तर मी ती निवडणार नाही. दुसरा पर्याय, कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव किंवा लोकअदालत. प्रस्ताव चांगला असेल तर घ्या, पण उपचार संपण्याआधी नको, आणि लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येतं, वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर नाही.

समोरच्या गाडीचा विमा त्या दिवशी चालू होता का, हे वाहन क्रमांकावरून परिवहन खात्याच्या पोर्टलवर आधी तपासा. चालकाचा परवाना बाद निघाला तरी बहुतेकदा न्यायाधिकरण कंपनीला 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असं सांगतं. विमाच नसेल तर मालक आणि चालक यांच्याकडून वसुली करावी लागते आणि ती कष्टाची असते. अर्जात चालक, मालक, कंपनी तिघांनाही पक्षकार करा. साखळी अपघात असेल तर दुसऱ्या गाडीचे मालक आणि कंपनीही. पक्षकार न केलेल्याकडून एक रुपयाही वसूल होत नाही.

रुग्णालयाच्या दारात भेटून 'सगळं बघतो, निकालातले अमुक टक्के द्या' म्हणणाऱ्यांना वकीलपत्र देऊ नका. निकालाच्या रकमेतला वाटा फी म्हणून ठरवणं वकिलांना नियमांनीच बंद आहे. फी किती, कधी आणि टंकलेखन-साक्षीचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी घ्या, आणि भरपाई जमा होईल ते बँक खातं फक्त तुमच्या नावावर असू द्या.